आरोग्य मोबाईलवर आलं. पण रुग्णाचा हेलपाटा वाचला का?

आभा नंबर, आयुष्मान कार्ड, ई-संजीवनी, निक्षय, पोषण ट्रॅकर. गेल्या सात-आठ वर्षांत सरकारी आरोग्य सेवेत इतकी अ‍ॅप आणि पोर्टलं आली की नावं लक्षात ठेवणंही अवघड झालं आहे. त्यातल्या काही गोष्टी गावात चांगल्या रुळल्या. काही नावापुरत्याच राहिल्या. काहींनी तर सोय करायच्या ऐवजी नवीन अडचण उभी केली. सरकार तेच, गाव तेच, मोबाईलही तोच. मग एक गोष्ट चालते आणि दुसरी का चालत नाही?

याचं उत्तर बऱ्याचदा "ग्रामीण भागात जनजागृती नाही" असं देऊन विषय संपवला जातो. पण ते उत्तर अर्धवट आहे. एक साधी कसोटी लावली तर बरंच काही उलगडतं. या तंत्रज्ञानामुळे रुग्णाचा हेलपाटा वाचला की वाढला?

हेलपाट्याचा हिशेब

समजा, एका ६५ वर्षांच्या मावशींना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. गोळ्या दर महिन्याला लागतात आणि ग्रामीण रुग्णालय २५ किलोमीटरवर आहे. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना तर प्रवास मोफत आहे. म्हणजे तिकिटाचा भार तसा मोठा नाही. खरा खर्च पुढेच आहे. मावशी एकट्या जाऊ शकत नाहीत, सोबत मुलगा किंवा सून लागते. त्यांची एका दिवसाची मजुरी बुडते. केस पेपर, तपासणी, औषधाची रांग यात दुपार होते. परतीची गाडी चुकली तर संध्याकाळ. त्यात पेरणी किंवा काढणी असली तर त्या महिन्यात दवाखाना राहूनच जातो.

एक महिना राहिलं, मग दोन महिने राहिलं. बीपीची गोळी अशीच सुटते. दुखत काहीच नसतं, त्यामुळे सुटलेली कळतही नाही. आणि एक दिवस अर्धांगाचा झटका येतो. मग जो खर्च येतो त्यात बैलजोडी जाते, कधी शेताचा तुकडाही जातो. म्हणून हेलपाटा वाचणं ही चैन नाही. गावातल्या माणसासाठी तो जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, आणि मोबाईलवरची आरोग्य सेवा कामाची आहे की नाही हे इथेच ठरतं.

गावाने मोबाईल नाकारलेला नाही

गावच्या लोकांना तंत्रज्ञान जमत नाही, हे म्हणणं कधीच मागे पडलं आहे. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड आहे आणि पैसे आल्याचं डबा मोठ्याने सांगतो. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मशीनवर लागतं, लगेच पावती हातात येते. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन मिळतो, त्यामुळे तलाठ्याच्या मागे फिरणं बरंच कमी झालं.

या तिन्हीत एक गोष्ट सारखी आहे. माणसाने थोडा त्रास घेतला की त्याला लगेच काहीतरी परत मिळतं. पैसे आले, पावती आली, उतारा आला.

याच्या उलट ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. शेतात उभं राहून फोटो काढायचा, अ‍ॅपवर टाकायचा. रेंज नसली किंवा सर्व्हर बंद पडला तर पुन्हा शेतात जायचं. नोंद झाली नाही तर नुकसान शेतकऱ्याचं, पण नोंद केल्यावर त्याच क्षणी हातात काही पडत नाही. म्हणून ते काम लोक शेवटच्या तारखेपर्यंत ढकलतात.

आरोग्याच्या अ‍ॅपचं नेमकं असंच आहे. जे अ‍ॅप दुधाच्या पावतीसारखं वागतं ते चालतं. जे नुसती माहिती मागतं आणि परत काही देत नाही, त्याचं ओझं होतं.

सगळ्यात जास्त रुळलेली सेवा कोणती?

विचार केला तर उत्तर सोपं आहे. १०८ ची रुग्णवाहिका. महाराष्ट्रात ती २०१४ च्या सुरुवातीला आली. तिच्यामागे मोठी संगणक यंत्रणा आहे. फोन कुठून आला, जवळची गाडी कोणती, कोणत्या दवाखान्यात न्यायचं, हे सगळं नियंत्रण कक्षातून ठरतं. पण रुग्णाच्या घरच्यांना यातलं काहीच शिकावं लागत नाही. तीन आकडे दाबायचे आणि मराठीत बोलायचं. बटणाचा फोनही चालतो. ना ओटीपी, ना आधार, ना पासवर्ड.

गाडी उशिरा येते, रस्ता खराब असतो, अशा तक्रारी असतातच. पण १०८ कशी वापरायची हे कळत नाही, असं म्हणणारं गावात कोणी भेटणार नाही. किचकट भाग सरकारने स्वतःकडे ठेवला आणि सोपा भाग लोकांना दिला. नंतरच्या बऱ्याच योजनांत हेच उलटं झालं.

ई-संजीवनी: मधे माणूस आहे म्हणून चालली

ई-संजीवनी म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टरचा सल्ला. केंद्र सरकारने ती नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू केली. तिचे दोन प्रकार आहेत. एकात रुग्ण आपल्या मोबाईलवरून थेट डॉक्टरशी बोलतो. हा प्रकार १३ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये सुरू झाला. दुसऱ्यात रुग्ण उपकेंद्रात जातो, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) बीपी, शुगर, वजन तपासतात आणि संगणकावरून वरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला जोडून देतात. डॉक्टरने औषध लिहिलं की उपकेंद्रात साठा असेल तर गोळ्या तिथेच मिळतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीने देशभरात १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. तेव्हा केंद्राने दिलेल्या माहितीनुसार लाभ घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांहून जास्त महिला होत्या आणि सुमारे १२ टक्के ज्येष्ठ नागरिक.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण भागात फक्त २४.६ टक्के महिलांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हे प्रमाण ४८.७ टक्के होतं. म्हणजे चारपैकी तीन ग्रामीण बायकांनी इंटरनेटला हातही लावलेला नव्हता. तरी व्हिडिओवरच्या डॉक्टरचा लाभ घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त महिलाच.

हे कसं झालं? मधे सीएचओ होते म्हणून. मशीन त्यांनी चालवलं. मावशींनी फक्त समोर बसून आपलं दुखणं सांगितलं. त्यांच्याकडे स्मार्टफोन आहे का, घरातला फोन नवऱ्याच्या खिशात आहे का, हा प्रश्नच आला नाही. २५ किलोमीटरचा हेलपाटा दोन किलोमीटरवर आला.

पण हीच साखळी एका कडीवर तुटते, ती म्हणजे औषध. डॉक्टरने स्क्रीनवर गोळी लिहिली आणि उपकेंद्रात ती नसली, तर रुग्णाला मेडिकलवर पैसे मोजावे लागतात नाहीतर तालुक्याला जावंच लागतं. पुढच्या वेळी तो उपकेंद्रात जात नाही, सरळ खासगीकडे जातो. दर वेळी पडद्यावर नवा डॉक्टर असला तरी लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो. आणि सल्ल्यांचं टार्गेट लागलं की आकडा गाठण्यासाठी सर्दी-खोकल्याच्या नोंदी वाढतात, ज्याला तज्ज्ञाची खरी गरज आहे तो बाजूलाच राहतो.

आभा: खातं उघडलं, जमा काही नाही

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यातला १४ अंकी आभा नंबर आता गावोगावी काढला जातो. कल्पना चांगली आहे. रुग्णाची जुनी कागदपत्रं, तपासण्या, औषधं त्याच्या परवानगीने कोणत्याही डॉक्टरला दिसावीत. पिशवीत फाईल घेऊन फिरायला नको, तीच रक्ततपासणी पुन्हा करायला नको.

अडचण अशी की नंबर निघाला, पण त्यात काहीच जमा होत नाही. गावातला माणूस आजारी पडला की बहुतेक वेळा आधी खासगी डॉक्टरकडे जातो. तिथे चिठ्ठी हाताने लिहिलेली. लॅबचा रिपोर्ट कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर. तालुक्याच्या दवाखान्यात केस पेपर वेगळा. यातलं काहीच आभाला जोडलं गेलं नाही, तर आभा म्हणजे शून्य शिलकीचं बँक खातं. पासबुक आहे, व्यवहार नाही.

त्यात गोंधळ वाढवला आहे तो नावांच्या साधर्म्याने. आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आभावर एक रुपयाचेही उपचार मोफत होत नाहीत, तो फक्त नोंदींचा नंबर आहे. उपचाराचा खर्च मिळतो तो आयुष्मान कार्डावर आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत. या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि राज्याने ते सर्व रेशनकार्डधारकांना लागू केलं आहे. आभा काढून "कार्ड झालं" म्हणून निवांत बसलेलं कुटुंब ऐन ऑपरेशनच्या वेळी अडकतं. हा दोष लोकांचा नाही. एकसारखी नावं देणाऱ्यांनी गावातल्या माणसाचा विचारच केला नाही.

जिथे आभाचा फायदा लगेच दिसतो तिथे लोक तो वापरतात. मोठ्या दवाखान्यात क्यूआर कोड स्कॅन केला की ओपीडीचा टोकन नंबर मिळतो, नाव-पत्ता सांगत रांगेत उभं राहावं लागत नाही. हीच ती दुधाची पावती. पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याची जुनी रांग तशीच असते, आणि त्या रांगेत बहुतेक म्हातारी माणसंच दिसतात.

ओटीपी, अंगठा आणि नाव

कागदावर सोप्या दिसणाऱ्या तीन गोष्टी गावात मोठी अडचण करतात.

पहिली, ओटीपी. आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलेला असतो किंवा तो पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलाचा असतो. आई दवाखान्यात आणि ओटीपी मुलाकडे. तो कंपनीत शिफ्टवर असला, फोन लॉकरमध्ये असला तर काम तिथेच थांबतं.

दुसरी, अंगठा. आयुष्यभर खुरपं आणि विळा धरलेल्या हाताच्या रेषा झिजतात. मशीन अंगठा ओळखत नाही. आयुष्मान अ‍ॅपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, पण ती आहे हे किती जणांना सांगितलं जातं, हा प्रश्न आहे.

तिसरी, नाव. रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं. लग्नानंतर बदललेलं, किंवा "बाई", "राव" कुठे लागलेलं तर कुठे सुटलेलं. माणसाला कळतं की ही एकच व्यक्ती आहे, संगणकाला कळत नाही.

या तिन्ही गोष्टी आजारपणाआधी दुरुस्त होऊ शकतात. पण त्या कळतात त्या बहुधा रुग्ण दाखल झाल्यावरच. मग घरचा एक माणूस रुग्णाजवळ आणि दुसरा सेतू केंद्र, तहसील, आधार केंद्र अशा फेऱ्या मारतो. ज्या यंत्रणेने हेलपाटा वाचवायचा, तीच हेलपाटे लावते.

कोविनने शिकवलेला धडा

सोय आणि अट यातला फरक २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिला. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं आणि त्यासाठी कोविनवर ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. पोर्टल तेव्हा इंग्रजीत. स्लॉट उघडले की काही मिनिटांत संपायचे. शहरातल्या लोकांनी ग्रामीण केंद्रांवरचे स्लॉट घेतले आणि गाड्या करून लस घ्यायला आले. ज्या गावात केंद्र, तिथलेच लोक बाजूला उभे.

२४ मे २०२१ ला केंद्राने सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची परवानगी दिली. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवर बोट ठेवलं. पुढे पोर्टल मराठीसह इतर भाषांत आलं. लस तीच, केंद्र तेच, नर्सही तीच होती. फक्त ऑनलाइनची अट सैल झाली आणि गावचा माणूस रांगेत आला. ऑनलाइन ही सोय म्हणून ठेवली की लोक हळूहळू वळतात. ती अट केली की सगळ्यात गरजू माणूस सगळ्यात आधी बाहेर पडतो.

आशाताईंच्या खांद्यावर किती अ‍ॅप?

राज्यात सुमारे ७० हजार आशा आहेत. गावातल्या प्रत्येक आरोग्य नोंदीचा पहिला हात त्यांचाच. गरोदर माता, लसीकरण, टीबी, कुष्ठरोग, बीपी-शुगरचं सर्वेक्षण, आभा आणि आयुष्मान कार्ड. यातलं बरंच काम आता मोबाईलवर आहे आणि रजिस्टरही सुटलेलं नाही. म्हणजे एकच माहिती दोनदा भरायची. दिवसा घरोघर फिरायचं आणि रात्री रेंज आली की अ‍ॅप भरायचं.

२०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला आशांनी आंदोलन केलं, त्यात ऑनलाइन कामावर बहिष्कार हा मुद्दा होता. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईलच परत केले होते. मोबाईल जुने आणि कमी क्षमतेचे, पोषण ट्रॅकर त्यावर चालत नव्हता, आणि अ‍ॅप इंग्रजीत होतं. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. नंतर ट्रॅकर मराठीत आला.

काहींनी तेव्हा म्हटलं की सेविकांना तंत्रज्ञान नको आहे. पण याच बाया व्हॉट्सअ‍ॅपवर गट चालवतात, व्हिडिओ कॉलवर लेकीशी बोलतात, बचत गटाचा हिशेब ठेवतात. त्यांना मोबाईल नको नव्हता. न चालणारा मोबाईल, न कळणारी भाषा आणि न मिळणारा मोबदला नको होता.

इथेच मूळ दुखणं आहे. आशाताईंनी भरलेली माहिती वर जाते. तालुका, जिल्हा, मुंबई, दिल्ली. तिथे तक्ते होतात, बैठका होतात. पण त्या माहितीतून खाली काय येतं? गावात २० जणांना बीपी आहे हे अ‍ॅपने वर कळवलं, तर त्या २० जणांच्या गोळ्या पुढच्या महिन्यात उपकेंद्रात यायला हव्यात. तसं झालं तर आशाताई स्वतः आवडीने नोंद करतील. नाहीतर ते फक्त आणखी एक रजिस्टर.

निक्षय पोर्टल या बाबतीत थोडं बरं उदाहरण आहे. टीबीच्या रुग्णाची त्यावर नोंद झाली की निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी पैसे थेट खात्यात येतात. एप्रिल २०१८ मध्ये हे महिना ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. बँक खातं, आधार यात अडकून उशीर होतो हे खरं. पण नोंद केल्याचा फायदा रुग्णाला दिसतो, म्हणून तो नोंद टाळत नाही.

डॉक्टरकडूनही बघायला हवं

प्राथमिक आरोग्य केंद्रात सोमवारी किंवा बाजाराच्या दिवशी समजा १०० रुग्ण आले. प्रत्येकाची नोंद संगणकावर करायला २ मिनिटं धरली तरी २०० मिनिटं झाली, म्हणजे तीन तासांहून जास्त. तेवढा वेळ तपासण्यातून जाणार की टायपिंगमधून? स्वतंत्र डेटा ऑपरेटर नसेल तर डॉक्टर आणि सिस्टर एक तर नोंद सोडतील, नाहीतर रुग्णाकडे मान वर करून बघणार नाहीत.

खासगी डॉक्टरचंही तसंच. केंद्राने जानेवारी २०२३ पासून डिजिटल नोंदींसाठी प्रोत्साहन रक्कम ठेवली आहे, पण एकट्याने छोटा दवाखाना चालवणाऱ्याला त्यातून संगणक, माणूस आणि वेळ यांचा मेळ बसवणं सोपं नाही.

यंत्र बसवणं वेगळं, चालू ठेवणं वेगळं

मेळघाटातलं हरिसाल हे गाव २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं. इंटरनेट, टेलिमेडिसिन, सगळ्याची चर्चा झाली. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी जाहिरातीतलं हरिसाल आणि प्रत्यक्षातलं हरिसाल यावर भर सभेत बोट ठेवलं आणि मोठा वाद झाला. राजकारण बाजूला ठेवलं तरी प्रश्न उरतोच. उद्घाटनाला सगळे असतात. सहा महिन्यांनी बॅटरी बसली, रिचार्ज संपला, वायर उंदराने कुरतडली, तेव्हा फोन कोणाला करायचा?

सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुवा भागात आजही रेंजसाठी टेकडी गाठावी लागते अशी गावं आहेत. तिथे नेटशिवाय नोंद घेणारं आणि रेंज आल्यावर आपोआप पाठवणारं अ‍ॅपच चालेल. सपाटीवरच्या गावांतही लोडशेडिंगच्या वेळी उपकेंद्राचा संगणक बंद असतो. सोलर किंवा इन्व्हर्टर हा इथे औषधाइतकाच गरजेचा आहे.

कागद पूर्णपणे टाकून देणंही परवडणारं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या सरकारी दवाखान्यालाही कित्येक दिवस हाताने काम करावं लागलं. एम्सचं असं होतं तर तालुक्याचं काय?

गुपित राहील का?

गावात एक मोठी भीती असते, ती कोणी अर्जात लिहीत नाही. आपला आजार बाहेर कळेल का? टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार, पाळीची किंवा गर्भाची तक्रार. घरातला फोन सगळ्यांचा. रिपोर्टचा मेसेज आला की आधी दीर वाचणार. कार्ड काढायला गेलं की केंद्रावरच्या चार माणसांसमोर माहिती सांगायची. गावात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. लग्न मोडतात, मजुरीला कोणी बोलावत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. कायदा आहे ही चांगली गोष्ट. पण गावात विश्वास बसतो तो सिस्टरच्या वागण्यावरून. ती दार लावून बोलते का, स्क्रीन दुसऱ्याला दाखवत नाही ना, यावर बाई खरं सांगायचं की नाही ते ठरवते.

दुसरी भीती फसवणुकीची. सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल येते, ती उघडली की खातं रिकामं होतं. एकदा शेजाऱ्याचे पैसे गेले की लोक खऱ्या आशाताईंनाही ओटीपी सांगत नाहीत. त्यांचं चुकत नाही.

मग पैसा कशावर लावायचा?

वरच्या सगळ्या उदाहरणांतून एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. जिथे यंत्र आणि रुग्ण यांच्यात एक प्रशिक्षित, ओळखीचा, वेळेवर मोबदला मिळणारा माणूस उभा आहे, तिथे तंत्रज्ञान चालतं. जिथे तो माणूस नाही किंवा त्याच्यावरच सगळं ओझं टाकलं आहे, तिथे ते अडतं. त्यामुळे नवीन अ‍ॅप काढण्याआधी सीएचओचं रिकामं पद भरणं, आशाताईंचा मोबदला वेळेवर देणं, दुहेरी नोंद बंद करणं आणि उपकेंद्रात गोळ्या पोचवणं जास्त गरजेचं आहे.

यातलं काही गावाच्या हातातही आहे. उपकेंद्र पातळीवरच्या जन आरोग्य समितीचे अध्यक्ष सरपंच असतात. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी येतो. रक्कम मोठी नाही, पण इंटरनेटचं रिचार्ज किंवा किरकोळ दुरुस्ती यावाचून अडत असेल तर विषय समितीत घेता येतो. पुढच्या ग्रामसभेत हे पाच प्रश्न विचारायला हरकत नाही:

१. आपल्या उपकेंद्रात सीएचओ आहेत का, आणि कोणत्या वारी, किती वाजता बसतात?
२. ई-संजीवनीवर तज्ज्ञ डॉक्टर कोणत्या वेळेत मिळतात? ती वेळ दारावर लिहिली आहे का?
३. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांचा किती दिवसांचा साठा आहे?
४. वीज गेल्यावर संगणक चालतो का?
५. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांची नोंद कशी होते?

या प्रश्नांची उत्तरं ग्रामसभेच्या इतिवृत्तात आली, तर वर्षभराने पुन्हा विचारता येतात.

हे लक्षात ठेवा

• आभा नंबर ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून सरकारी दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत.
• आभा आणि आयुष्मान कार्ड वेगळं आहे. उपचाराच्या खर्चासाठी आयुष्मान कार्ड काढा. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं.
• घरातल्या सगळ्यांचं आधार आणि रेशनकार्डावरचं नाव आत्ताच जुळवून बघा. आधारला चालू मोबाईल नंबर जोडा. आजारपणाची वाट बघू नका.
• अंगठा लागत नसेल तर चेहऱ्यावरून ओळख पटवायला सांगा.
• छातीत दुखणं, धाप, साप चावणं, गरोदरपणात रक्त जाणं, झटका येणं, यात व्हिडिओ सल्ल्याची वाट बघायची नाही. थेट १०८.
• आरोग्याची माहिती आणि सल्ल्यासाठी १०४. मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६, मराठीतही बोलता येतं.
• महात्मा फुले योजनेची चौकशी किंवा तक्रार: १५५३८८. दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा.
• फोनवर ओटीपी कोणालाही सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल उघडू नका. पैसे गेले तर लगेच १९३० वर तक्रार करा.
• कागदी फाईल टाकून देऊ नका. मोबाईल हरवला तरी डॉक्टरला दाखवायला तीच कामाला येते.